चार कंपन्या आणि एक पाडा

शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा खाजगी अनुदानित शाळेत नोकरी करून बघावी. निकाल लागला की आम्ही गुरुजन मंडळी डोक्याला रुमाल-स्कार्फ बांधून पोरं शोधायला निघतो. हरवलेली नव्हे, दुसऱ्याच्या शाळेत जाऊ शकतील अशी. शिरपूरच्या उन्हात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पण शिक्षक दिसतो.

आमच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्या होत्या. पहिली गावातल्या पोरांवर भरायची. दुसरी मात्र सातपुड्याच्या पायथ्यावरून जी पोरं खाली येतील त्यांच्यावर उभी होती. ती गेली असती तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरला असता. अतिरिक्त म्हणजे तुमचा पगार चालू असतो, तब्येत ठणठणीत असते, फक्त तुमची गरज नसते. मग जिथे जागा रिकामी असेल तिथे सरकार तुम्हाला पाठवतं, आणि ते गाव कोणतं हे तुम्हाला कोणी विचारत नाही. सेवाज्येष्ठतेत मी सगळ्यात खाली होते. त्यामुळे अतिरिक्त कोण होणार याबद्दल स्टाफरूममध्ये अजिबात मतभेद नव्हते. सगळे माझ्याशी फार गोड बोलायचे.

मला शिरपूर सोडायचं नव्हतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं नवरा शिरपूरच्या सूतगिरणीत आणि मी चोपड्याला, असा संसार केला होता. मुलगी अर्धा आठवडा बापाकडे आणि अर्धा माझ्याकडे वाढली. तिची एक वही नेहमी चुकीच्या घरी असायची. तीन वर्षांपूर्वी कुठे आम्ही तिघं एका छपराखाली आलो होतो. त्यामुळे त्या मे महिन्यात मी जी काही धावपळ केली ती शिक्षणाच्या प्रसारासाठी केली असं मी म्हणणार नाही. मला माझं घर एका जागी ठेवायचं होतं.

मी इतिहास शिकवते. आठवीला युरोपियन कंपन्या भारतात कशा आल्या हा भाग असतो. आधी पोर्तुगीज, मग डच, मग इंग्रज, मग फ्रेंच. पोरांना तो रटाळ वाटतो, म्हणून मी त्यात पुस्तकाबाहेरचं घालते. इंग्रज आणि फ्रेंच नुसते इथेच भांडले नाहीत, तिकडे अमेरिकेतही भांडले, हे सांगते. तिथल्या जंगलातल्या आदिवासींना आपल्या बाजूला ओढायला दोघंही भेटी घेऊन जायचे. घोंगड्या, पितळी भांडी, मणी, बंदुका. कुणा म्हाताऱ्या माणसाकडून कागदावर खूण करून घ्यायची आणि अख्खं जंगल आपलं झालं म्हणून नाचायचं. म्हाताऱ्याला पत्ताच नसायचा, कारण त्यांच्यात जंगल असं एकट्या माणसाचं नसायचंच. पुढे फ्रेंच हरले, इंग्रज एकटे उरले, आणि भेटी बंद झाल्या. मग मी आपल्या सातपुड्यात येते. इथल्या भिल्लांना इंग्रजांनी आधी बंदुकीचा धाक दाखवला, तो लागू पडेना तेव्हा पगार देऊन पलटणीत घेतलं. शेवटी मी दरवर्षी एक वाक्य म्हणायचे, की बिचारे भोळे होते, फसले.

एकदा मागच्या बाकावरच्या पावरा आदिवासी मुलीने विचारलं, “मॅडम, ते दोन्हीकडून सामान घेत होते ना?”

“हो.”

“मग भोळे कोण?”

वर्ग हसला, मीही हसले आणि फळा पुसला. प्रश्न परीक्षेला येणारा नव्हता.

तर आमच्या भागात अशा चार कंपन्या होत्या. म्हणजे चार शाळा. नावं मीच ठेवली होती, स्टाफरूममध्ये चालायची. सगळ्यात जुनी शाळा म्हणजे पोर्तुगीज. सगळ्यांच्या आधी आली, मोठी इमारत बांधली, आणि आता तिच्या भिंतींना फक्त इतिहास उरला होता. सायकली देणारी शाळा डच, कारण त्यांचं सगळं रोखठोक, पोरगं दाखवा सायकल घ्या. बस असलेली, टायवाली, दारात झेंडूच्या कुंड्या ठेवणारी शाळा फ्रेंच. आणि आम्ही इंग्रज. उशिरा पोचायचं आणि सगळं आपल्यालाच हवं, हा आमच्या हेडसरांचा स्वभाव बघूनच मी ते नाव दिलं होतं. हेडसरांना ते माहीत होतं. त्यांना वाटायचं मी कौतुक करतेय.

या चौघांचा डोळा त्या वर्षी एकाच पाड्यावर होता. डोंगराच्या कुशीत, खालच्या डांबरी रस्त्यापासून बऱ्यापैकी आत. तिथली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत होती आणि त्या साली पंधरा-सोळा पोरं सातवी पास झाली होती. त्यातली दहा-बारा आमच्याकडे आली असती तर तुकडी वाचत होती. हेडसर म्हणाले, “मॅडम, दहा-बारा कशाला, सगळीच आणू.” मी म्हटलं नव्हतं का.

आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो. हेडसरांची मोटारसायकल त्यांच्या मुलाने पळवली होती आणि स्कूटी त्यांना चालवता यायची नाही. त्यामुळे मी पुढे, ते मागे आणि त्यांच्या मांडीवर नव्या दप्तरांचा गठ्ठा. डांबर संपल्यावर प्रत्येक खड्ड्याआधी ते मला खड्डा आला म्हणून सांगायचे आणि प्रत्येक खड्ड्यानंतर मी सांगितलं होतं म्हणायचे. पाड्यावर पोचेपर्यंत माझं आणि प्रशासनाचं नातं पार ताणलं गेलं होतं.

पाड्याचे कारभारी म्हणून ज्यांचं नाव आम्हाला मिळालं होतं, त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना उंच, किडकिडीत, बोलायला अगदी कमी. त्यांची बायको म्हणजे अक्का. ती बुटकी, हातात कायम काहीतरी काम, आणि नाना जितकं बोलायचे नाहीत तितकं सगळं तिच्याकडे. घरात त्यांची पावरी बोली चालायची, आमच्यासारख्यांशी ती खान्देशी बोलायची. आम्ही गेलो तेव्हा घरात कोणी नव्हतं. पाड्याखालच्या नाल्यात पाणी आटून एकच डोह उरला होता आणि अख्खा पाडा तिथे मासे धरत होता. आम्हीही तिकडेच गेलो.

मासे धरून झाल्यावर त्यांनी पळसाची पानं रांगेत मांडली आणि वाटे घातले. प्रत्येक घराचा एक वाटा, लहानमोठे मासे बघून सारखे. ज्यांच्या घरचं त्या दिवशी कोणी आलं नव्हतं त्यांचाही वाटा. शेवटी अक्काने दोन पानं आणखी मांडली, इकडून चार तिकडून चार मासे उचलून त्यावर ठेवले आणि ती आमच्यापुढे सरकवली.

“आम्ही तर काहीच केलं नाही,” हेडसर म्हणाले.

“आठे व्हता ना,” अक्का म्हणाली. इथे होतात ना, तेवढं पुरे.

मग त्यांच्या घरी मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि तेच मासे. जेवण झाल्यावर हेडसरांनी घसा साफ केला. आमच्या शाळेचा निकाल, मैदान, प्रयोगशाळा, पिण्याचं पाणी, सगळं सांगितलं. प्रयोगशाळेचं कुलूप वर्षभर उघडलं नव्हतं ते सांगितलं नाही. मग दप्तरं काढली. नाना ऐकत होते. शेवटी हेडसर म्हणाले, “मग नाना, पोरं आमच्याकडे पाठवणार ना?”

नाना म्हणाले, “हा.”

“सगळी?”

“हा.”

परतीच्या वाटेवर हेडसरांनी मला एकही खड्डा दाखवला नाही. ते मागे बसून गाणं गुणगुणत होते. मी घरी आले, नवऱ्याला म्हटलं, झालं काम, शिरपूर काही सुटत नाही. मुलगी म्हणाली, मग आता मला वेगळं कपाट घ्या. घेऊ म्हटलं.

चारच दिवसांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर फ्रेंच भेटले. म्हणजे त्या टायवाल्या शाळेचे सर. पांढरा शर्ट, बुलेट, खिशाला दोन पेनं. माणूस दिलदार, कोणाच्याही चहाचे पैसे देणार, पण विद्यार्थी म्हटलं की सख्ख्या भावाचाही ओढून नेणार.

“मॅडम, उन्हातान्हात कशाला फिरता,” ते म्हणाले. “तो वरचा पाडा आमचा झालाय.”

“कधी?”

“कालच. नानांनी शब्द दिला. मला म्हणाले, हा.”

मी चहाचा घोट घेतला. “आम्हाला त्याआधी म्हणाले.”

“हा म्हणाले?”

“हा म्हणाले.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी विचारलं, “जेवायला घातलं तुम्हाला?”

“भाकर आणि डाळ. आणि मासे.”

“मला कोंबडी,” ते म्हणाले. आणि खरं सांगते, मला तेच जास्त लागलं. पोरं गेली तर गेली, पण कोंबडी?

आठवड्याभरात कळलं की डचांनाही हा म्हटलं होतं आणि पोर्तुगीजांनाही. घरी आलेल्या, आपलं अन्न खाल्लेल्या माणसाला दारातच नाही म्हणायचं हे त्या घरात बसत नव्हतं. हा म्हणजे तुमचं बोलणं ऐकलं, इतकंच. आम्ही चौघांनी त्याचा करार केला होता. इतिहास शिकवणारी बाई मी, पण त्या वेळी हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं बाकीचे तिघं खोटं बोलतायत. त्या तिघांनाही तसंच वाटलं.

मग जी जुंपली ती विचारू नका. डचांनी आधी मुलांनाच सायकली देऊ म्हटलं होतं, आता मुलींनाही देऊ म्हणाले. फ्रेंचांनी बस थेट पाड्यापर्यंत नेऊ असं जाहीर केलं, आणि बस तिथवर जाणं शक्यच नाही म्हणून लोक हसायला लागले तेव्हा ट्रॅक्टर लावून रस्त्यावर मुरूम टाकून घेतला. पोर्तुगीजांचे संस्थाचालक स्वतः गेले, अंगणवाडीला पत्रे दिले. आमचे हेडसर दोन दिवस अन्नावर वासना नसल्यासारखे बसले आणि तिसऱ्या दिवशी पाड्याच्या शाळेवर पाण्याची मोठी काळी टाकी बसवून मोकळे झाले. वर छत्र्या. मे महिन्यात छत्र्या वाटणारी आमची एकमेव शाळा. मी त्या पंधरवड्यात स्कूटीवरून इतक्या वेळा वर गेले की अर्धी पोरं मला लांबून आवाजावरून ओळखायची. दर वेळी जेवण. दर वेळी हा. एकदा मीही कोंबडी खाल्ली, आणि बुलेटवाल्या सरांना आवर्जून फोन करून सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या बाजारच्या दिवशी चौघांनाही निरोप आला. पाड्यावर या. चौघांनाही वाटलं निरोप फक्त आपल्याला आहे. मुरमाच्या नव्याकोऱ्या रस्त्याने आमची स्कूटी, मागून बुलेट, त्यामागून डचांची जीप, आणि शेवटी पोर्तुगीजांचे वयस्कर सर रिक्षा ठरवून. सगळे एकाच मोहाच्या झाडाखाली उतरलो. कोणी कोणाकडे बघेना. एकाच मुलीला बघायला चार स्थळं एका वेळी पोचावीत तसं झालं.

आम्हाला बाजांवर बसवलं. पाणी दिलं. पाडा सगळा जमला होता, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि मधे सातवी पास झालेली पोरं. नाना उठले, पावरीत थोडंसं बोलले. मग अक्का पुढे आली आणि एकेका पोराला हाताला धरून आमच्या बाजांपुढे उभं करायला लागली. एक इकडे, एक तिकडे. हा सायकलवाल्यांकडे, ही बसवाल्यांकडे. हा थोरला अभ्यासात कच्चा, म्हणून त्याच्याबरोबर एक हुशार. मुली एकट्यादुकट्या नकोत म्हणून जोडीने. सख्खे भाऊबहीण दोन शाळांत. इकडे जरा जास्त झालं असं वाटलं तर थांबून एक उचलून तिकडे. मला आधी काही कळेना. मग डोहाकाठची पळसाची पानं डोळ्यापुढे आली.

ते वाटे घालत होते. जे जे आले होते त्या सगळ्यांचे, सारखे.

वाटे घालून झाले. चौघांपुढे चार-चार पोरं. फ्रेंचांचा चेहरा आंबला होता. डचांचे सर सायकलींचा हिशेब करत असावेत. पोर्तुगीजांचे वयस्कर सर मात्र खूश होते, त्यांना एकही मिळेल असं वाटलं नव्हतं. हेडसर माझ्याकडे बघेनात. चारात तुकडी वाचत नव्हती. तिथे बसल्या बसल्या मला आमचं शिरपूरचं घर दिसलं, आणलेलं नवं कपाट दिसलं, आणि मला रडू यायला लागलं. रडू आलं की मला राग येतो. मी उठले आणि अक्काला बाजूला घेतलं.

“अक्का, तुम्ही आम्हाला हा म्हटलं होतं. सगळी पोरं देतो म्हणून. आता माझी नोकरी जाईल इथून. मला घर सोडून लांब जावं लागेल. तुम्हाला माहीत होतं हे?”

“म्हाईत व्हतं,” अक्का म्हणाली. “तू सांगेल व्हतं ना.”

खरंच, मीच सांगितलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या जेवणाला, दया यावी म्हणून.

“मग?”

तिने माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता आणि तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. “बठ्ठा पोरं तुलेच दी टाकात, ते मंग बाकीना वर कसाले येतीन? आनि त्या येवाव नहीत, ते तू तरी कसाले येशी?”

सगळी तुलाच दिली तर बाकीचे वर कशाला येतील, आणि ते यायचे नाहीत असं झालं तर तू तरी कशाला येशील.

मी म्हणाले, “मी येईन. मी नेहमी येईन.”

अक्काने नुसतं त्या नव्या मुरमाच्या रस्त्याकडे बघितलं, मग शाळेवरच्या काळ्या टाकीकडे. फ्रेंच हरले, इंग्रज एकटे उरले, आणि भेटी बंद झाल्या. कितीतरी वर्षं हे वाक्य मी फळ्यापुढे उभी राहून म्हणत आले होते, एका दमात, पुढच्या मुद्द्याकडे जायच्या घाईत.

पण कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. मी त्या दिवशी अक्कावर रागावूनच खाली आले. घाट उतरताना हेडसर म्हणाले, “मॅडम, खड्डा.” मी मुद्दाम त्यातून घातली.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पटसंख्या मोजली, तुकडी गेली, मी अतिरिक्त ठरले आणि दिवाळीनंतर रावेर तालुक्यातल्या एका शाळेचा आदेश हातात पडला. स्टाफरूमने मला शाल आणि थर्मास दिला. बुलेटवाल्या सरांनी येऊन सामान बसस्टॅंडवर पोचवलं आणि पूर्ण वाट मला सांगितलं की त्यांच्याकडे जागा असती तर त्यांनी मला ठेवून घेतलं असतं. त्यांना त्या चार पोरांसाठी ती बस रोज वर पाठवावी लागत होती. डिझेलला शिव्या देत होते, पण पाठवत होते, कारण बस बंद केली असती तर पोरं सायकलवाल्यांकडे गेली असती. डच हेच म्हणत सायकलींचे पंक्चर काढून देत होते.

रावेरला पोरांना तोटा नव्हता. शाळेच्या खिडकीतून केळीच्या गाड्या भरताना दिसायच्या आणि वर्गात इतकी दाटी की हजेरी घेताना अर्धा तास जायचा. कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं. नवरा आणि मुलगी शिरपूरला राहिले. नवं कपाट त्यांच्याकडेच. मी आठवडाभर रावेरला खोलीवर आणि एका रविवारात शिरपूर गाठून परतणं जमेना, म्हणून शनिवारी जळगावला, पिंप्राळ्याला, आईवडिलांकडे. पहिल्या रविवारी सकाळी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वंदना आटोपली, त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, “सरकारचे उपकार झाले. लग्नानंतर तू दर शनिवारी या घरी येशील असं वाटलं नव्हतं.” मी म्हटलं, “आबा, तुम्हालाही माझा वाटा मिळाला म्हणायचा.” त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले. आई आत गेली. मुलीचा फोन आला की आई तो फोन स्वयंपाकघरात नेऊन बराच वेळ बोलायची, आणि बाहेर आली की मला काहीतरी खायला द्यायची.

तो भाग मी रावेरच्या पोरांनाही शिकवला. कंपन्या, भेटी, घोंगड्या सगळं. भोळे होते हे वाक्य मात्र गाळलं. त्याच्या जागी काय म्हणायचं ते अजून मला नीट सुचलेलं नाही, म्हणून मी तिथे पोरांना विचारते, तुम्ही असता तर काय केलं असतं. पोरं म्हणतात बंदुका घेतल्या असत्या. बरं म्हणते.

होळीच्या आधी दोन दिवस सुट्टी जोडून मी शिरपूरला गेले. रविवारी सकाळी नवरा झोपला होता, मुलगी झोपली होती. का कोण जाणे, मला पाड्यावर जावंसं वाटलं. राग केव्हाच गेला होता. रावेरच्या खोलीवर एकटीने स्वयंपाक करताना कितीतरी वेळा मला ती मक्याची भाकर आठवली होती, आणि अक्काने धरलेला हात. मला तिला एकदा नुसतं भेटायचं होतं. तिला सांगायचं होतं की बघा, मी आले. मोसम नसताना, काही काम नसताना आले. जूनमध्ये मी तिला जे म्हटलं होतं ते खरं होतं, एवढं मला तिला दाखवायचं होतं. स्कूटीला किक मारताना मी चक्क गात होते.

मुरूम अजून शाबूत होता. पाड्यावर होळीची गडबड होती, ढोल काढून उन्हात तापवायला ठेवले होते, बाया घरं सारवत होत्या. अक्का अंगणातच होती. तिने स्कूटीचा आवाज ऐकून मान वर केली, हात धुतले, पाणी आणलं. मी बाजेवर बसले. नानांची चौकशी केली, होळीची केली. तिने माझ्या घरची केली. मुलगी कोणाकडे असते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “लय कठीन शे.” मला फार बरं वाटलं.

“आते कोनती शाळा?” तिने विचारलं.

“रावेरकडे. लांब आहे.”

“तठे पोरं नहीत?”

“भरपूर आहेत, अक्का. मी कामासाठी नाही आले. अशीच आले. तुम्हाला भेटायला.”

अक्काने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं ती हसेल. तिने मान हलवली, समजल्यासारखी, आणि घरामागे तोंड करून पावरीत हाक मारली. एकदा, दोनदा. पोरं आली. ढोलाकडची, नाल्याकडची, त्या वर्षी सातवीत असलेली. परीक्षा अजून व्हायच्या होत्या. कोणी काही न सांगता ती माझ्यापुढे ओळीने उभी राहिली, हात मागे बांधून, मोजायला सोपं जावं तशी.

“अक्का, नको. खरंच नको. मी नुसती आले.”

“हा,” अक्का म्हणाली.

तो हा मला आता चांगला ओळखीचा होता. मला इतकी लाज वाटली की बाजेवरून उठताही येईना. त्या मे महिन्यात मी या घरी कितीतरी वेळा जेवले होते, आणि या बाईला माझा दुसरा काही उपयोग असू शकतो हे दिसेल असं मी एकदाही वागले नव्हते.

अक्का ओळीपुढून चालत गेली. शेवटून दुसऱ्या मुलीपाशी थांबली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला खांद्याला धरून माझ्याकडे एक पाऊल पुढे केलं.

“इले ली जाय,” ती म्हणाली. हिला घेऊन जा. “हुशार शे. मन्ही नात शे.”

मुलीने आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दारापाशी जाऊन आपल्या चपला शोधायला लागली.